बाबांची एकच अट

बारावीची परीक्षा झाली आणि बाबांनी एक अट घातली. पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं तर मैत्रिणीसोबत, एकटीला पाठवणार नाही. "तिला तिथे अ‍ॅडमिशन मिळाली, की तू गेलीसच म्हणून समज, बाय," असं म्हणाले. मी हरखून गेले.

मैत्रीण बंदराजवळ राहायची, तिचे वडील दुबईला. पोरगी हुशार, पण कंडिशनल प्रॉबॅबिलिटी आली की तिचं डोकं ठप्प. ती सीईटीत मागे पडली असती तर माझंही पुणं बुडालं असतं. म्हणून मी तिच्या मानगुटीवरच बसले. रोज दुपारी आमच्या पडवीत आंब्याच्या पेट्या भरता भरता सराव. फासे-पत्ते तिला काही केल्या कळेनात, तेव्हा मी आंबाच उचलला.

म्हटलं, हा वरून चकचकीत, पण कापल्यावर आत साका निघाला, पांढुरका आंबट गर. मग त्याच झाडाच्या दुसऱ्या आंब्यावर संशय वाढतो ना? एकाची खबर लागली आणि दुसऱ्याचा अंदाज बदलला, ही कंडिशनल. पण आज आरे-वारेच्या किनाऱ्यावर पर्यटकांची गर्दी असो की नसो, साका व्हायचा तेवढाच होणार. त्या गोष्टी इंडिपेन्डंट. ती हसत सुटली आणि तिथून तिची गाडी जी निघाली ती थांबलीच नाही. बाबा शेजारीच पेटीत पेंढा अंथरत होते. म्हणाले, तू शिकवतेस झकास हां.

तिला पुण्यातलं तेच कॉलेज मिळालं, जे मला मिळालं होतं. तिच्या वडिलांनी व्हिडिओ कॉलवरच होकार दिला. मी तडक हातखंब्याला, हायवेवरच्या आमच्या स्टॉलवर गेले. बाबा आंबापोळीच्या पुड्या लावत होते. मी बातमी सांगितली, तरी त्यांनी मान वर केली नाही.

"ती जावो न जावो, तुला मी पाठवणार नव्हतोच," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, तिला ते गणित झेपायचं नाही."

अंगाची नुसती लाही झाली. अहो, नाही म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायचं! मी भांडले असते, रडले असते. पण माझ्याच बापाने मला खोट्या आशेवर राबू दिलं.

ती पुण्याला गेली, मी इथेच बीएस्सीला. कॉलेजात बोर्डावर इंडिपेन्डंट इव्हेंट्स आले की मला ती पडवीच आठवते. मी घसा कोरडा करून शिकवत होते, आणि मला पाठवायचं नाही हे आधीच ठरवून बसलेला माणूस हाताच्या अंतरावर पेंढा अंथरत ऐकत होता.