वरंध ते पोलादपूर, एका कापलेल्या फोटोसह

घराला रंग द्यायचा म्हणून भिंतीवरचा फोटो उतरवला आणि मागे पांढरट चौकोन राहिला. फोटोत भागाबाई आहे, चाळिशीतली, शेजारी आठ दिवसांचं रेडकू. चोवीस वर्षांपूर्वी कॉलेज संपताना आम्ही पाच जण वरंधपासून पोलादपूरपर्यंत डोंगरातून चालत गेलो होतो, तेव्हा एक रात्र तिच्या घरी राहिलो. निघताना मी म्हणाले होते, "फोटो पाठवते." पाठवला नाही. कारण विचारलंत तर 'राहून गेलं', एवढंच. ते मला स्वतःलाही पुरेसं वाटत नाही.

मधल्या काळात नोकरी आली, आईचं आजारपण आलं, गुडघे कुरकुरायला लागले. पण दर फेब्रुवारीत, ऊन जरा तापलं की त्या वाटेवरच्या वाळक्या कारवीचा वास आल्यासारखा वाटायचा. या वर्षी भिंतीवरच्या फोटोची एक प्रत काढली, प्लास्टिकच्या पाकिटात घातली आणि निघाले.

जाणाऱ्यांसाठी थोडं. पुण्याहून भोरमार्गे वरंधा घाट जवळचा, पण तो कधी कधी दुरुस्तीसाठी बंद असतो, आधी चौकशी करा. मी ताम्हिणीमार्गे महाडला उतरले, स्टँडवर मिसळ खाल्ली आणि दुपारच्या एसटीने वरंधला गेले. पुढे रेंज नाही. तीन लिटर पाणी लागतंच. वाटाड्या घ्या, गुरांच्या वाटा इतक्या फुटतात की माणसाची वाट कोणती ते कळत नाही.

माझा वाटाड्या गंगाराम. पन्नाशीचा, वीस वर्षं मुंबईत कॅन्टीन सांभाळून परत आलेला. मी येण्याचं कारण सांगितलं तर तो थांबून हसला.

"म्हणजे म्याडम, चोवीस वर्षांनी टपाल? आमचा पोस्टमन बरा तुमच्यापेक्षा. तो येतच नाय, म्हणून कोण वाट पण बघत नाय."

पहिला दिवस नुसता चढाचा. ऐन, हिरडा, मग कारवीचं दाट रान, त्यातून बोगद्यासारखी वाट. संध्याकाळी चार घरांच्या एका वाडीत पोचलो. दोन घरांना कुलपं होती, माणसं मुंबईला. तिसऱ्या घरात नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि न मागता ताक मिळालं. राहण्याचे पैसे अशा ठिकाणी कुणी तोंडाने मागत नाही. आपण समजून द्यावेत आणि घासाघीस करू नये.

दुसऱ्या दिवशी सहा तास चाललो. समोर मंगळगड आणि मागे सह्याद्रीची सलग भिंत. भागाबाई असेल का, हा प्रश्न होताच, आणि त्याच्या खाली दुसराही होता: हा फोटो मी तिला द्यायला चाललेय, की माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवायला?

वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घर तसंच होतं, कुडाच्या भिंती, फक्त कौलांच्या जागी पत्रा. अंगणात एक बाई शेणाने सारवत होती. गंगारामने हाक मारली, "काकी, तुझं टपाल आणलंय गो!"

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि फोटो घेतला. मला ओळखलं नाही, पण रेडकाला ओळखलं.

"ही चांदी! लय दूध दिलान हिनं." मग तिचं बोट रेडकाच्या गळ्यावर गेलं, तिथून दाव्यावर, आणि दाव्यावरून सरकत फोटोच्या कडेला येऊन थांबलं. कडेला चार बोटं दिसत होती, दावं धरलेली. "आनि ह्ये कुठं हायत?"

मला लगेच आठवलं. तिचा नवरा. फोटोसाठी म्हणून तो घरात जाऊन धुतलेला सदरा घालून आला होता, आणि मीच म्हणाले होते, दादा, तुम्ही पण या. नंतर कॉलेजच्या प्रदर्शनासाठी फोटो मोठा करताना स्टुडिओवाल्याला मी सांगितलं, उजवीकडचा माणूस काढून टाका, बाई आणि रेडकू एवढंच छान दिसेल. दिसलंही. लोकांनी वाखाणलं. इतकी वर्षं तो फोटो माझ्या भिंतीवर होता आणि कडेची चार बोटं मला कधी दिसली नाहीत.

मी हे सगळं तिला सांगितलं. खोटं सांगण्यासारखं काही सुचलंही नाही.

ती रागावली नाही. आत जाऊन एक तसबीर घेऊन आली. मतदानाच्या कार्डावरचा चेहरा मुलाने मुंबईत मोठा करून घेतला होता. नुसता काळा डाग आणि दोन कान. "सा वर्सं झाली जाऊन. ह्यो एकच हाय. नातवंडं इचारतात, आजा कसा होता, तर मी काय दावू?" मग जरा हसून म्हणाली, "तुमी गेलाव तवापासनं दोन वर्सं, खालनं कोन पन वर आला की ह्ये इचारायचे, फोटो आला काय. मी बोलायची, पोरं इसरली. तर बोलायचे, नाय गो, येल."

मी म्हणाले, "मूळ रिळाची निगेटिव्ह असेल घरी. त्यात ते पूर्ण असतील. सापडली की पाठवते."

"पाठवू नको," ती म्हणाली. "घेऊन ये." आणि हातातला फोटो पाकिटात घालून मला परत दिला. "ह्यो पन तवाच आन. अर्धा ठेवून काय करू?"

रात्री तिने दुधात भाकरी कुस्करून वाढली. गुडघ्यांना लावायला एरंडेल दिलं. एवढं मिळण्यासारखं मी काय केलं होतं, ते कळेना.

तिसरा दिवस उताराचा. पायथ्याला मिनीडोर रिक्षा मिळाली, पोलादपूरला वडापाव खाल्ला आणि महाडकडे निघाले. जवळच सव गावात गरम पाण्याची कुंडं आहेत, थकलेल्या पायांना बरी, असं सगळे सांगतात. मी गेले नाही. मला घरी पोचायचं होतं.

निगेटिव्ह माझ्याकडे नव्हती. बहिणीच्या माळ्यावरच्या पेटीत, आईच्या साड्यांखाली, तीन आठवड्यांनी मिळाली. एका कोपऱ्याला बुरशी आली होती, पण ती आभाळावर. माणूस शाबूत होता. उंच, सदऱ्याची घडी मोडलेली नाही, दावं घट्ट धरलेलं. आम्ही सगळे ओरडत होतो, इकडे बघा, कॅमेऱ्याकडे बघा. पण तो बघत होता भागाबाईकडे. मी कापून टाकलं होतं ते हे.

काल गंगारामचा फोन आला. बाजाराला खाली उतरला होता.

"म्याडम, काकी इचारते, फोटो आला काय? मी बोललो मोबाइलवर मागवतो, तर नाय बोलते. तिला येऊ दे, बोलते."

भिंतीला रंग देऊन झालाय. तिथे काही लावलेलं नाही. शनिवारची महाडची एसटी बघून ठेवली आहे.

"आला म्हणून सांगा," मी म्हणाले.