विलासचा दवाखाना आणि माझी जळजळ

पेशंट बरा होऊन घरी जातो, किस्सा मात्र डॉक्टरच्याच घरी राहतो. अशानं वर्षानुवर्षं ढीग साचतो. त्यात कोरोनानं तर ट्रकच रिकामा केला! रविवारी सकाळी आम्ही चार डॉक्टर शशीच्या दाताच्या दवाखान्यात चहाला जमतो, तेव्हा कोणी ना कोणी त्यातला एक उपसतोच.

मी आधीच सांगून टाकतो, माझे सगळे किस्से फिरून फिरून विलासवर येतात. विलास माझा वर्गमित्र. तो फिजिशियन, त्याचं हॉस्पिटल चौक गावात. मी सर्जन, माझ्या दहा खाटा कर्जतला. आणि मी त्याच्यावर जळतो. अगदी मनापासून जळतो! बायको म्हणते, "अहो, असं चारचौघांत सांगू नये." पण खोटं बोलून ॲसिडिटी कशाला वाढवायची?

* * *

मुळात तो आजारच फिजिशियनच्या वाट्याचा निघाला. विलासकडे कोविड सेंटर झालं, दारात ॲम्ब्युलन्सची रांग. आणि माझ्याकडे? हर्निया, मूळव्याध, अपेंडिक्स, सगळे घरी बसले. "नंतर बघू" म्हणाले. दुखणी पण लॉकडाउन पाळतात, हे मला तेव्हा कळलं.

एके दिवशी कडावचे एक काका आले. जांघेत गाठ. मला वाटलं, चला, हर्निया आला! आता हर्निया तपासायचा तर पेशंटला खोकायला लावावं लागतं. खोकलं की गाठ हाताला लागते.

"काका, खोका जरा."

काकांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"अहो, खोका की!"

"मी नाय खोकनार."

"का?"

"खोकलो का तुमी मना चौकला पाठवाल. आमच्या शेजारच्याला असाच पाठवला."

मी समजावलं, विनवलं, स्वतः खोकून दाखवलं. तिथंच चुकलो. काकांनी टोपी उचलली आणि दारातूनच ओरडले, "डॉक्टर, पयले तुमी जा चौकला!"

म्हणजे माझा एकुलता एक पेशंट मलाच विलासकडे पाठवून गेला.

* * *

माझ्यापेक्षा वाईट हाल शशीचे. दातांचा डॉक्टर, आणि तोंड उघडायला बंदी! बिचारा रोज माझ्याकडे बीपी मोजायला यायचा. बीपी नॉर्मल. तरी दुसऱ्या दिवशी हजर.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी विचारलं, "शशी, तुला नक्की होतंय तरी काय?"

"काही नाही रे. तुझ्या वेटिंग रूममध्ये दोन माणसं बसलेली असतात. ती बघितली की बरं वाटतं."

त्यातला एक माझा कंपाउंडर होता आणि दुसरी त्याची आई. मी शशीला सांगितलं नाही. आपल्यावरही कोणीतरी जळतंय म्हटल्यावर मला दोन घास जास्त गेले.

* * *

आता सिस्टर लोकांचं. माझ्याकडे चार सिस्टर होत्या. विलासनं दुप्पट पगार लावला आणि महिन्याभरात तीन गेल्या! तिसरी निघाली तेव्हा मी जरा भावनिक व्हायचा प्रयत्न केला. म्हटलं, "अगं, तुला पहिलं इंजेक्शन इथं शिकवलं. फक्त पगारासाठी चाललीस?"

"पगाराचं नाही सर. तिकडं पीपीई किट आहे."

"आपल्याकडेही आहे की!"

"सर, आपल्याकडे रेनकोट आहे."

खरं होतं. वर गुलाबी फुलांचा रेनकोट. बाजारात तेवढेच शिल्लक होते.

राहिली एकटी वनिता सिस्टर. माझ्या ऑपरेशन थिएटरची मालकीणच म्हणा. मी हात पुढं करायच्या आत हातात बरोबर ते हत्यार पडायचं. तोंड उघडायची गरज नाही. ती गेली तर माझं थिएटर बंद, आणि थिएटर बंद म्हणजे मी बंद. वर ती राहायला लोधिवलीला! विलासचं हॉस्पिटल तिच्या हाकेच्या अंतरावर, आणि बाई दोन वाहनं बदलून माझ्याकडे यायची. मला रोज साडेआठला धडधडायचं. आठ पस्तीस झाले की मी खिडकीत!

* * *

मग सुरू झाले सत्कार. इथल्या एका मंडळाचे कार्यकर्ते घरी आले. "डॉक्टर, कोरोना योद्ध्यांचा सत्कार ठेवलाय, तुम्हाला यायचंच आहे." मी नाही-नाही म्हणत इस्त्रीचा शर्ट काढला. बायको नवी साडी नेसली.

तिथं गेल्यावर कळलं, सत्कार विलासचा आहे. मी प्रमुख पाहुणा. शाल मी घालायची!

बायको कानाशी लागली, "हसा जरा, फोटो काढतायत."

शाल घातली, नारळ दिला. मास्क होता म्हणून वाचलो. फोटोत डोळे दिसतात, पण ते माणसाचे डोळे आहेत असं मुलगी अजून मानत नाही.

* * *

त्या जोरावर विलासनं कर्ज काढून मजला चढवला. नव्या खाटा, ऑक्सिजनचा प्लांट, काचेचं दार. आणि साथ ओसरली! शिकलेल्या सिस्टर नवी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांनी उचलल्या, काही परदेशात गेल्या. माझ्या तिघीही त्यातच.

मला आनंद झाला. झाला म्हणजे झाला! त्या दिवशी मी मटण आणलं.

आणि पुढच्याच सोमवारी वनिता सिस्टरनं राजीनामा ठेवला. मी तो उघडलासुद्धा नाही. थेट विलासला फोन लावला. "साल्या, शेवटी हिलाही नेलीस ना?"

"मी? अरे, मी पाचदा विचारलं तिला! पाचही वेळा नाही म्हणाली. तू तिला काय खायला घालतोस तेवढं सांग!"

मग मी राजीनामा उघडून वाचला. बाई स्वतःचा ब्युरो काढत होती. ज्याला सिस्टर हवी त्यानं तिच्याकडे मागायची, ती दिवसाच्या हिशोबानं पाठवणार.

* * *

आता शेवटचा. परवाचाच आहे.

माझ्याकडे नेरळच्या एका आजोबांचं ऑपरेशन ठरलेलं. सिस्टर नाही म्हणून दोनदा पुढं ढकललेलं. शेवटी मुकाट्यानं खालापूरला गेलो. तहसील कचेरीच्या पलीकडे एका गाळ्यात वनिताचा ब्युरो आहे.

आमच्यात रीत आहे, डॉक्टर डॉक्टरकडे गेला की नंबर लावत नाही, सरळ केबिनमध्ये शिरतो. मीही सवयीनं शिरलो.

वनितानं मान वर केली. "सर, बाहेर नंबर घ्या."

चार नंबरचं कार्ड घेऊन बाकड्यावर टेकलो. शेजारी तीन नंबर घेऊन कोण बसलेलं? विलास! इथंही माझ्या पुढं!

थोड्या वेळानं वनिता बाहेर आली. "दोघंही इथंच आहात ते बरं झालं. उद्यासाठी माझ्याकडे एकच सिस्टर आहे. नुकतीच पास झालीय. कोणाकडे पाठवू ते तुम्ही ठरवा." आणि आत गेली.

"माझं ऑपरेशन आहे," मी लगेच म्हणालो. "तुझ्याकडे किती पेशंट आहेत?"

विलासनं हातातलं कार्ड उलटं केलं. "एकही नाही."

"मग सिस्टर कशाला?"

"उद्या बँकेची माणसं बघायला येतायत. वॉर्डात एक सिस्टर तरी फिरताना दिसायला हवी रे."

इतकी वर्षं हेच ऐकायला मी टपलो होतो. आता ऐकलं, तर नजर भलतीकडेच गेली. त्याच्या शर्टाची कॉलर विरलेली होती.

वनिता बाहेर आली. "ठरलं?"

"त्याला द्या," मी म्हणालो. "त्याचा नंबर आधी आहे."

"आणि तुमचे आजोबा?"

"पुढं ढकलतो."

"तिसऱ्यांदा?" तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "काही ढकलायचं नाही. उद्या साडेआठला मी स्वतः येते."

विलास ताडकन उठला. "अरे वा! याला वनिता सिस्टर, आणि मला नवखी पोर? नंबर माझा आधी होता! सिस्टर, हे चालणार नाही, मला तुम्हीच पाहिजे!"

वनितानं आमच्या दोघांच्या हातातली कार्डं काढून घेतली आणि बाकड्याकडे बघून हाक मारली, "नंबर पाच!"