बिबट्याचा बुधवार

लिहायला बसलो आहे खरा, पण हात अडखळतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नाही, तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या. तरी एक गोष्ट खात्रीने सांगतो. बिबट्याला वेळ पाळायला शिकवू पाहणारा माणूस आणे गावाच्या पठारावर एकच झाला, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना मामा म्हणतो.

मामांना सगळं वेळेवर लागतं. एसटी उशिरा आली की ते कंडक्टरला आधी कारण विचारतात, मग तिकीट मागतात. पाऊस लांबला तर आभाळाकडे पाहून नापसंतीने मान हलवतात. आणि जीव कशावर, तर माळावर चरणाऱ्या सात-आठ चिंकारा हरणांवर. त्यांना ते ‘आमची मंडळी’ म्हणतात. मंडळींना चरायला हवी म्हणून बांधालगतची मटकी कधी उपटत नाहीत. पाहुणा दारात आला की पाण्याआधी प्रश्न, “पावणं, येताना आमची मंडळी दिसली का?”

बिबट्याने हरीण नेल्याचा त्यांना राग नव्हता. राग होता त्याच्या लहरीपणाचा. खाली राजुरीकडच्या उसातून तो वर येई. दोन-दोन वर्षं फिरकत नसे, आणि आला की आठवड्यात तीन हरणं. कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकतो, म्हणून भीत भीत सांगितलं, “मामा, कळप मोठा असता तर हे भरून निघालं असतं. एवढ्याशा कळपाला एक वाईट हंगाम पुरतो.”

“म्हंजे त्यानं येकच न्यावं, पन ठरवून न्यावं. मी येगळं काय म्हनतोय?”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बिबट्याला वार लावून दिला, पूर्वी गरीब विद्यार्थ्यांना जेवायला लावत तसा. दर बुधवारी संध्याकाळी माळाजवळच्या खडकावर एक कोंबडी. पोट भरलं की तो मंडळींच्या वाटेला जाणार नाही, असा हिशेब.

“मला सनालाबी कोंबडी मिळत न्हाई,” आत्या म्हणाली. “मीबी उसात जाऊन बसू का?”

बिबट्या आला नाही. गावची कुत्री आली. त्यांनी बुधवार इतका चोख पाळला की मामांना आधी कौतुकच वाटलं. पण मग ती इतर वारीही माळावरच थांबू लागली, आणि एका सकाळी टोळीने हरणांच्या मागे लागली. एक पाडस त्यांच्या तावडीत सापडलं. बाकीची हरणं पठाराच्या कडेकडे उधळली, ती दिसेनाशीच झाली.

मामांनी खडक धुऊन काढला. कोंबडी बंद झाल्यावर कुत्री गावात परतली, हरणं मात्र परतली नाहीत. मामांनी पाहुण्यांना विचारणंही सोडलं. “बिबट्या त्याच्या भुकंनं येत व्हता,” एकदाच म्हणाले, “ही तर मीच बोलावली.”

आत्याला हे गप्प राहणं सोसेना. “अवो, निदान एसटीला तरी नावं ठेवा,” ती म्हणायची.

गेल्या सुट्टीत मी तिथे असताना एका मेंढपाळाचा फोन आला. मामांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. “भाऊ, घाटाच्या अंगाला तुमची मंडळी बघितली. दोन माद्या, येक नर. आन् येक पिल्लू हाय, लई बारीक.”

एवढ्यावर कळप तगतो का, याबद्दल वर्गात काय शिकवलं होतं ते मला आठवलं. मामांनी फोन तोंडाजवळ ओढला.

“चालतंय का ते?” त्यांनी हळूच विचारलं.

“चालतंय कुठलं,” मेंढपाळ म्हणाला, “पळतंय.”