वजनांची उजळणी

त्या शनिवारी नीलकंठ चारला उठला. रोज तो साडेपाचला उठे. मधला दीड तास भीतीचा होता.

तो खलाशी, म्हणजे जड यंत्रं उचलून जागेवर बसवणारा. चाळीस वर्षं ठेकेदाराकडे राबला, त्यामुळे पेन्शन नाही. साखळी ओढून वजन उचलायच्या चेनपुलीला पाच वर्षं हात लागला नव्हता. तरी सदुसष्टाव्या वर्षी त्याने अधारतालला वर्कशॉप असलेल्या सुमेधचं काम घेतलं. लोखंड कातायचा दीड टनाचा लेथ उचलून फरशीतल्या चार बोल्टांवर उतरवायचा होता, आणि छपराखाली क्रेन जात नव्हती. मजुरीतून बायकोची, बेबीची, कवळी करायची होती. दोन वर्षं ती पोळी चहात बुडवून खात होती आणि रोज एकदा तरी ते ऐकवत होती.

ती डबा घेऊन सोबत आली. नवऱ्याचा भरवसा देवावर. तिचाही होता, पण ती नजर ठेवून असे.

नीलकंठची एक रीत होती. उचलण्याआधी तो लोखंडावर तळहात ठेवून डोळे मिटायचा आणि आधीची कामं देवाला मोजून सांगायचा. चर्चच्या प्रार्थनासभेतही देवाच्या उपकारांची त्याची साक्ष टनांतच असे. पाळकसाहेब घड्याळ बघत.

"प्रभू, चौऱ्याण्णव सालचा प्रेस, चार टन. तू होतास. कुंडमचा जनरेटर, अडीच टन. तेव्हाही होतास."

एकेका वजनासरशी त्याची पाठ सरळ होत गेली.

"प्रेस दुसऱ्या खेपेला उचलला होता," बेबी मागून म्हणाली.

त्याने डोळे न उघडताच हाताने गप्प राहण्याची खूण केली.

"पहिल्या खेपेला तिरपा झाला. तुमच्यासंगं काम करणाऱ्या देवदत्तभाऊंची खाली ठेवलेली सायकल चपटी झाली. ते काहून गाळून राहिले तुम्ही? देव होता न तिथं. त्यानं पाहिलं आहे."

सुमेधने हळूच विचारलं, "अंकलजी, रहने दें क्या?"

नीलकंठ चिडला. मग त्याला आठवलं, प्रेस तिरपा का झाला होता ते. तारेचा फास मधोमध घातला होता, आणि वजन मधोमध नव्हतं. त्याने डोळे उघडून वर पाहिलं. आजही फास टेपने मोजून बरोबर मधोमध घातलेला. लेथचं वजन तर गिअरपेटीकडे असतं. हे शिकाऊ माणसालाही कळतं.

त्याने फास सोडला, वीतभर गिअरपेटीकडे सरकवला आणि लेथ दोन बोटं उचलून पाहिला. सरळ. पुन्हा टेकवला. मग तळहात ठेवून राहिलेली साक्ष पुरी केली.

"सायकलसुद्धा, प्रभू. खाली माणूस नव्हता. तू होतास."

अकरापासून दीडपर्यंत साखळी एका लयीत खाली येत राहिली. घाई नाही, थांबणं नाही. लेथ चारही बोल्टांवर असा बसला की नट बोटांनी फिरले. सुमेधने मोजून पैसे दिले आणि अंकलजींच्या पायाला हात लावला.

सोमवारी ते पैसे दाताच्या डॉक्टरकडे गेले. पंधरवड्याने वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या बसल्या. त्याच संध्याकाळी बेबीने पावशेर फुटाणे एकटीने संपवले.