दोन शीट येईपर्यंत

लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, आणि मीही अर्जापलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. म्हणून आधीच माफी मागतो. मनात जे आहे ते चांगलं नाही, त्याबद्दलही.

माझ्या बहिणीचा मुलगा सातव्या महिन्यात जन्मला. महिनाभर दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत राहून तो आमच्या डोंगरातल्या घरी आला. आठवड्याने एका सकाळी त्याने दूध ओढणं सोडलं. अंग गार, रडणंही नाही. तळोद्याची जीप फाट्यावर उभी होती. आमच्याकडे जीप भरल्याशिवाय निघत नाही. मी ड्रायव्हरला बाळ दाखवलं. तो तंबाखू मळत म्हणाला, "आजून दोन शीट येवू दे, मंग निंघसूत. घाई व्हई ते पायी निंघ."

आत बसलेलं कोणी बोललं नाही. मीही नाही. दोन शीट यायला तास गेला.

दवाखान्यात कळलं, रक्तातला जंतुसंसर्ग मेंदूपर्यंत पोचला होता. मूल वाचलं, पण वर्ष उलटलं तरी मान धरेना. डॉक्टर मॅडमनी समजावलं, की लवकर जन्मलेल्या बाळाचा मेंदू पोटात घडायचा तो बाहेर घडत असतो. त्याच दिवसांत मोठं आजारपण आलं, तर ते बरं झालं तरी मेंदूवर खूण राहू शकते. मी त्या तासाबद्दल विचारलं. त्या एका तासानेच झालं असं कोणालाच सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. दर मंगळवारी व्यायामाला आणा, मेंदू अजून शिकतो आहे, असंही म्हणाल्या. माझ्या डोक्यात तासच राहिला.

मग मी कॉलेजातून सुट्टीला येता-जाता त्याच ड्रायव्हरच्या जीपमध्ये बसू लागलो. त्याला काका म्हणायचो. टपावर बसलेल्या, मागे लटकलेल्या माणसांचे फोटो काढले. गाडीच्या कागदांची मुदत संपली आहे, हे त्याच्याच तोंडून गप्पांत काढून घेतलं. तो हसत सांगत होता आणि मला आतून गोड वाटत होतं. अर्ज मी चार वेळा लिहिला, शुद्धलेखन तपासलं आणि परिवहन कार्यालयात देऊन आलो. वर्गात सर शिकवत असताना मी त्याला मनात उन्हात उभा करायचो, हात जोडायला लावायचो आणि थांब म्हणायचो.

परवा बहिणीचा फोन आला. मुलगा पालथा ठेवला की मान उचलायला लागला होता, हे मला माहीत होतं. मी तेच विचारलं.

"जीप पकडून नेली रे भाऊ. कोणीतरी अर्ज केला म्हणे. दुसरी गाडी वर येत नाही. तीन मंगळवार झाले, आम्ही घरीच आहोत. मान पुन्हा टाकतो आता."