गोड्या पाण्याचं वरण

फाल्गुन वद्य सप्तमी. सकाळी तुरी भिजवून अंगणात पसरल्या. सुकल्या की जात्यावर भरडायच्या. तोवर शेळ्या हाकलण्याखेरीज काम नाही, म्हणून थोरल्या जाऊबाई गयाबाईंविषयी लिहायला बसले आहे. या तुरी त्यांनीच पेरून घेतलेल्या, शेवटच्या.

बातमी माघात आली. आमचं गाव अकोल्याकडे. तिथून अमरावतीच्या बाजारात कापूस आणणारा गाडीवान इथे माझ्या दारात उभा राहिला. "बाई, मोठ्या बाई गेल्या. चुलीपुढं बसल्या होत्या, तशाच भिंतीले टेकल्या..." गयाबाईंना अंथरुणाला खिळण्याची भारी धास्ती होती. तसं झालं नाही, याचं मला आधी बरंच वाटलं. दुसरी काळजी मात्र तिथेच सुरू झाली. आता तळ्यावरची आमची गवताची पट्टी नांगरली जाणार.

आमच्या गावच्या विहिरी खाऱ्या. त्या पाण्यात तुरीची दाळ दिवसभर उकळली तरी दाण्याचा दाणा राहते. पिण्याला आणि शिजवायला गावतळं एकच, पावसावर भरणारं. त्याच्या वरच्या उतारावर पूर्वी सगळीकडे गवत आणि हिवराची झाडं होती. त्यातली एक पट्टी आमच्या घराची.

मग दूर अमेरिकेत लढाई लागली आणि विलायतेच्या गिरण्यांना आमचा कापूस हवासा झाला. गावाला दुसरं काही दिसेना. ज्वारीच्या वावरात कापूस, गाईंच्या कुरणात कापूस, परसातली वांगी उपटून तिथेही कापूस. हिवर तोडले, लाकूड आगगाडीच्या ठेकेदाराने नेलं. शेजाऱ्यांनी तळ्यावरचं गवत नांगरलं, आणि मोकळी झालेली काळी माती पावसाबरोबर थेट तळ्यात उतरली. कंबरेएवढं पाणी बघता बघता गुडघ्यावर आलं.

गयाबाईंचा मुलगा महादू वाईट नव्हे, घाईचा. लढाई चालू असताना मी एका दिवाळीला गेले होते, तेव्हाचं बोलणं अजून कानात आहे.

"माय, सगळ्यायनं पेरलं. आपलीच जागा काहून पडीत ठेवून राहिली तू?"

"पडीत? ते जागा माती धरून राहिली. रिकामी नाई बसली तुह्यासारखी."

"गाडीभर कापूस निघंन तिथं."

"निघंन ना. मंग कापसाचंच वरण वाढतो तुले. वरून तूप घेशीन का सरकीचं तेल?"

मी हसले, तर मलाही सोडलं नाही. "हास, सगुणा. तुमच्या अमरावतीच्या विहिरी गोड्या हायेत, तुले काय!"

महादू वैतागून म्हणाला, "बरं, तू हाय तवर नाई नांगरत."

"मंग मी लवकर नाई मरत," त्या म्हणाल्या आणि भाकरी थापू लागल्या.

पुढे लढाई संपली, भाव कोसळले. मला वाटलं, आता हे वेड उतरेल. उलट महादू म्हणायला लागला, भाव अर्धा झाला तर रान दुप्पट पेरावं लागंन.

तेरवीसाठी मी बडनेऱ्याला नव्या आगगाडीत बसले. घरी पोचले तर अंगणात नांगर तयार, फाळ नुकता पाजवलेला. मी सांगायचं ते एकदा सांगितलं. महादूने मान हलवली, पण माझ्याकडे न बघता. मी समजले...

तेरवीच्या दिवशी तळ्याच्या नेहमीच्या काठावर चिखलच हाताला लागला, म्हणून बायांनी घाईत मोठ्या हंड्यात विहिरीचं पाणी ओतलं. भात झाला, पोळ्या झाल्या, पंगत बसली, आणि वरणात दाणे टणक. पंगतीतून एका म्हाताऱ्याने आवाज दिला, "महादू, हे दाळ जेवाची हाय का पेराची?" सगळी पंगत हसली. महादूने बैल जुंपले, घागरी गाडीत टाकल्या आणि तळं गाठलं. बऱ्याच वेळाने आला तो कंबरेपर्यंत भिजलेला. नवी दाळ चढली. पंगत उठायला उन्हं कलली.

सगळे गेल्यावर तो नांगराजवळ बसला. "काकू, सगळ्या काठानं चिखल हाय. आपल्या पट्टीखालीच घागर बुडते."

"मग?"

"राहू द्या ते पट्टी. नांगरली तं माय वरून हासंन मले."

मला इतकं हलकं वाटलं की मी पुन्हा भात वाढून घेतला.

कापूस विलायतेला गेला, हिवर इंजिनात गेले, माती तळ्यात गेली. गावाच्या वाट्याला भाव पडलेला कापूस आणि खारं पाणी राहिलं. गयाबाईंनी सगळं काही वाचवलं नाही. एक घागर बुडेल एवढं वाचवलं, आणि आता त्याच्यावरून पुढे काही करता येईल. शेजारच्या एकाने आपल्या बाजूला गवत सोडायचं बोलूनही दाखवलं आहे. बघू.

त्यांचं वरणाचं मडकं त्या रात्री चुलीशेजारी पालथंच होतं. कुणी हात लावायला धजत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची घागर घेऊन पट्टीखाली गेले, पाणी आणलं, मडकं धुऊन सुलटं केलं आणि दाळ चढवली. लोण्यासारखी शिजली. महादूला वाढलं, मी जेवले, आणि अकोल्याहून निघणारी गाडी गाठली.