करंट गेला, मामाजी

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं हात जोडतानाही या गोष्टीच्या जवळ आले की मी मन दुसरीकडं वळवत आले. तुम्हाला सांगते आहे — ऐकून घ्या, एवढंच.

आधी माझ्या एका चांगल्या गुणाबद्दल बोलावं लागेल. हसू येईल तुम्हाला. पण सगळं त्या गुणातूनच झालं — की त्याच्याआड दुसरंच काही दडलेलं होतं?

स्वातंत्र्य येऊन आठ-दहा वर्षं झाली होती. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. माझे यजमान घुग्घुसकडच्या एका कोळसा खाणीत कारकून होते आणि आम्ही खाणीच्या वसाहतीत राहायचो. आजूबाजूच्या गावांत कंदील होते. आमच्या दोन खोल्यांत मात्र वीज होती. खाणीचंच छोटं पॉवरहाऊस. त्यावर खाणीतलं पाणी उपसायचे पंप चालत, आणि उरलेला करंट क्वार्टरांना मिळे. उन्हाळ्यात सगळ्यांनी मनाला येईल तसा वापरला की पंप मंदावायचे. खाली माणसं असायची. म्हणून साहेबांनी नोटीस लावली — वीज जपून वापरा.

मी जपून वापरायची. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद. बल्बवरची धूळ वेळच्या वेळी पुसायची, म्हणजे लहान बल्बचाही उजेड पुरतो. इस्त्री रोज तापवायची नाही. आठवड्याचे कपडे एकदम, आणि शेवटी बटन बंद करून उरलेल्या तापावर रुमाल नि उशीचे अभ्रे. महिला मंडळात मीच हे सगळ्या बायकांना समजावून सांगितलं. मग मंडळानं ठरवलं, उन्हाळ्यात ज्या घरात सगळ्यात कमी वीज जळेल त्या घरच्या बाईचा सत्कार करायचा. तो माझाच होणार हे सगळ्यांना माहीत होतं. मला तर फारच.

त्या वैशाखात मामाजी आमच्याकडं आले. मामाजी म्हणजे माझे सासरे. वैनगंगेपलीकडं, गडचिरोलीच्या बाजूला त्यांचं गाव, धानाची शेती. चांद्याला दवाखान्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन एका डोळ्याचं, पण पट्टी दोन्ही डोळ्यांवर — डोळा हलू नये म्हणून. उताणं पडून राहायचं, पट्टीत घाम जाऊ द्यायचा नाही, हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. यजमानांनी आमचा एकुलता एक टेबलफॅन त्यांच्या खाटेशी लावला आणि दिवसभर चालू ठेव म्हणून मला सांगितलं. नोटिशीतही ते होतं — आजारी माणूस किंवा तान्हं मूल असेल तिथं पंखा खुशाल चालवावा. मंडळात मीच ती ओळ वाचून दाखवली होती.

मग मी काय केलं?

दारामागं मीटर होतं. पंखा लागला की त्यातली चकती भराभर फिरायची. ती पाहिली की माझा जीव खालीवर व्हायचा. दुसऱ्याच दिवशी यजमान ड्यूटीवर गेले आणि मी पंख्याचं बटन बंद केलं. पाती थांबली. मामाजींनी मान जराशी वळवली.

"काऊन वो बाई, पंखा थांबला?"

"करंट गेला, मामाजी."

किती सहज निघालं तोंडातून.

"जाऊ दे," ते म्हणाले. "आमच्या गावाले तं करंटच नाई."

मग रोज तेच. यजमान गेले की बंद, यायच्या आधी चालू. चांद्याचा वैशाख तुम्ही सोसला असेल तर वेगळं सांगायला नको — भिंतीला हात लावला तरी चटका बसे. मामाजी घामानं निथळत पडून असत. पट्टीची कड ओली व्हायची. मी फडक्यानं टिपायची. टिपायची — पण बटन दाबायची नाही. याला काय म्हणाल?

माझा त्यांच्यावर राग होता का? नव्हता. लग्नानंतर मला पहिल्यांदा ताप आला तेव्हा सासूबाईंच्या आधी तेच माझ्या उशाशी येऊन बसले होते. राग असता तर निदान कारण तरी सांगता आलं असतं.

चौथ्या की पाचव्या दुपारी शेजारच्या कंपाउंडरबाईंनी रेडिओ लावला. मधली भिंत पातळ. गाणं आमच्या खोलीत स्पष्ट आलं. मी दारात तांदूळ निवडत होते. हात थांबले. मामाजीही ऐकत होते — पट्टी बांधलेला चेहरा भिंतीकडं वळलेला. मग तेच म्हणाले,

"बॅटरीवरचा असन त्यायचा रेडू. नाई का, बाई?"

मी म्हटलं, "हो."

तेव्हा उठता आलं असतं. आला करंट, एवढंच म्हणायचं होतं. मी तांदूळ निवडत बसले. त्यानंतर त्यांनी करंटचं नाव काढलं नाही. पंखा थांबला की फक्त उजवा हात छातीवर ठेवायचे आणि पडून राहायचे.

दवाखान्यात पट्टी सोडली तेव्हा डोळ्यात पू झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, घाम फार आला का, की डोळा चोळला? यजमान म्हणाले, पंखा तर दिवसभर चालूच असतो. सगळे माझ्याकडं पाहायला लागले. आणि मी म्हणाले — मी दोनदा पाहिलं, मामाजींनी पट्टीखाली बोट घातलं होतं.

मामाजी बाकावर बसले होते. ते नाही म्हणाले नाहीत.

डोळा गेला. परतताना बसमध्ये यजमान त्यांच्यावर चिडले होते. "हात लावू नोका म्हनून किती डाव सांगतलं, बाबा? लहान पोरावानी करता तुमी."

"चुकलं रे," मामाजी म्हणाले.

मी त्यांच्या शेजारीच बसले होते. त्यांचा हात धरून, कारण चढउतार करताना मीच त्यांना सांभाळत होते.

पुढं सत्कारही झाला. मामाजी गावाला परतले होते. मी नवं पातळ नेसून गेले, नारळ घेतला, आणि वीज कशी वाचवावी यावर पाच मिनिटं बोलले. चांगलं बोलले, असं बायका म्हणाल्या.

काही वर्षांनी त्यांचा दुसरा डोळाही मंद झाला. यजमान ऑपरेशनचं म्हणाले तर नको म्हणाले. "बाईले तरास होते," एवढंच कारण दिलं. शेवटची वर्षं शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून चालतानाही त्यांना कुणाचा तरी खांदा लागायचा.

ते गेले त्याला आता खूप काळ लोटला. यजमान अजूनही कधीमधी म्हणतात, बाबांनी तेव्हा हात लावला नसता तर डोळा राहिला असता. मी हो म्हणते. परवाही म्हणाले.

मामाजींनी पट्टीला बोटसुद्धा लावलं नव्हतं.